ताणलेली टेप

मास्तरांचं मूत्रपिंड थकलं होतं. त्यामुळे अंगात पाणी साठायचं, त्याचा भार हृदयावर यायचा आणि हृदय दमलं की यकृत फुगायचं. जन्मभर शिवणकाम केलेल्या मास्तरांना डॉक्टरांचं हे म्हणणं चटकन पटलं. एक शिवण ओढली गेली की शेजारची उसवायला लागतेच! पटला नाही तो फक्त त्यांनी ठरवून दिलेला अर्धा कप चहा.

बायकोनं त्यांच्या जोडीनं आपलाही कप अर्ध्यावर आणला होता. रोज सकाळी ती टेपनं त्यांच्या घोट्याचं माप घ्यायची. सूज वाढली की चोरी पकडली गेलीच. पूर्वी दुकानात मशीन थांबवून दोघं समोरासमोर बसून काठोकाठ भरलेले कप प्यायची. ते आठवलं की मास्तरांचा घसा आणखीच कोरडा पडायचा.

शेवटी राहवेना. दुपारी बायकोचा डोळा लागला की ते शेजारणीकडे जाऊन भरला कप पिऊ लागले. घोट्याची सोय आधीच केली होती. घरात एक जुनी कापडी टेप होती, वापरून वापरून ताणलेली. तिच्यावर मोठं माप लहान दिसायचं. तीच त्यांनी नव्या टेपच्या जागी ठेवून दिली.

"अहो, सूज उतरली की!" बायको हरखली. टेप हातात होतीच, म्हणून तिनं स्वतःची कंबरही मोजली. "अगंबाई, मीपण उतरले!" त्याच आनंदात तिनं डॉक्टरांना सूज उतरल्याचं कळवलं आणि दुकान सांभाळणाऱ्या सुनेला स्वतःच्या नव्या कोटाची मापं सांगितली.

सुनेनं दुकानातल्या चांगल्या टेपनं कापड बेतलं. ती कोट घेऊन घरी आली. बटणं काजांच्या आसपासही फिरकेनात.

"सूनबाई, डोळे मिटून कापलंस का गं?"

"आई, तुम्ही सांगितलंत तेच कापलंय." सुनेनं लिहून घेतलेली मापं पुढे केली.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन. बायकोनं तो स्पीकरवर घेतला. "सूज उतरलीय ना? मग पाणी काढायची गोळी निम्मी करू."

सकाळी जिना चढतानाच मास्तरांना धाप लागली होती. त्यांनी फोन ओढून घेतला. "नको डॉक्टर! घोटा वाढलाय, टेप खोटी आहे." मग ते बायकोकडे वळले. "तू त्या पोरीला बोलू नकोस. सगळं माझं काम आहे."

डॉक्टरांनी तातडीनं बोलावलं. गोळी वाढवली, वर चांगलं झापलंही. बाहेरच्या बाकावर टेकताच बायकोनं चष्मा काढला.

"कुठे प्यायलात?"

"शेजारणीकडे. दुपारी."

बायको चष्मा पुसत राहिली. "तरीच तिचं दूध पुरत नव्हतं."

"तुला गं कसं माहीत?"

"मी सकाळी जाते."

मास्तर बाकावर थोडे तिच्याकडे सरकले.

"कसा लागायचा हो?" तिनं हळूच विचारलं.

"एकट्यानं? नुसतं गरम पाणी."

"मलाही."

"आता तू घरीच पी. भरून. माझ्यासमोर."

"आणि तुम्ही?"

"माझा अर्धाच," मास्तर म्हणाले, "पण तुझा संपेपर्यंत पुरवीन."