भिंतीपलीकडची भीमपलासी

रस्त्यावरून वरात निघाली आणि डीजेचा पहिला दणका भिंतीला बसला, की आमच्या शेजारच्या इंदूबाई चालू ख्याल अर्धा टाकून उठतात. चपला पायात घालण्याइतकाही दम नसतो, त्या हातात घेऊन पळतात. पासष्टी कधीच ओलांडलेली बाई. स्पीकरला खेटून उभ्या राहतात, डोळे मिटतात, बोटांवर मात्रा मोजतात. मग मान हलते, मग खांदे, आणि मग बाई चक्क नाचायला लागतात. नवरदेव कुणाचा, नवरी कुठली, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. एकदा नाचत नाचत पार एसटी स्टँडपर्यंत गेल्या आणि कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून ऐटीत परत आल्या.

इकडे घरात त्यांचं तानपुऱ्याचं मशीन चालूच. त्यांच्या आमच्या घराला भिंत एकच. केजमध्ये माझं मेडिकलचं दुकान आहे. दुपारी ते बंद करून मी जरा पाठ टेकतो, तर भिंतीतून अखंड टँव टँव. शेवटी मीच लुंगी सावरत त्यांच्या घरात जातो आणि मशीनचं बटण दाबतो. गावाला झोपेची गोळी देणारा मी, आणि मलाच डुलकी नशिबात नाही.

बाई मुलींच्या शाळेत संगीत शिकवायच्या, म्हणून सगळ्या गावाच्याच त्या बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्यांचं एक पालुपद आहे, 'समेवर ये.' सम म्हणजे तालातली पहिली मात्रा, गवय्यानं कुठंही भटकावं पण परत तिथं यावं. कुणी बोलताना फाटे फोडायला लागला की बाई मांडीवर थाप मारतात आणि म्हणतात, समेवर ये. मत मागायला आलेल्या पुढाऱ्यालाही त्यांनी हेच ऐकवलं होतं. तो बिचारा विकासावर आला होता, तो एकदम हात जोडून निघूनच गेला.

आता मूळ दुखण्याकडे येतो. इंदूबाई नुसत्या गात नाहीत, बंदिशी रचतात. आणि बंदिश रचणं म्हणजे काय, हे ज्याच्या घराला तशी भिंत आहे त्यालाच कळेल. भीमपलासीतली एक बंदिश त्यांनी अख्खा उन्हाळा रचली. भीमपलासी दुपारचा राग, त्यामुळे मुहूर्त नेमका माझ्या झोपेचा. 'जीप आली गं, सजन न्हाई आला.' एवढी एकच ओळ. कधी 'जीप' लांब, कधी 'सजन' लांब. आमच्या हिला स्वयंपाक करताना तीच, मला गोळ्यांची पाकिटं लावताना तीच. एके दिवशी मी भिंतीवर बुक्की मारून ओरडलो, बाई, उतरवा की त्या सजनाला एकदाचं! पलीकडून शांतपणे उत्तर आलं की घाई करू नको, समेवर उतरंल तो.

बंदिशीत जीप कशाला, असं मी विचारलं होतं. त्यावर बाईंनी मलाच झापलं. आपल्याकडं कुणाचा पिया परदेसला जातोय, म्हणाल्या, ऊसतोडीला जातोय कारखान्यावर, आणि येतोय तो जीपला लोंबकळत. मग बाईनं काय हत्ती-घोड्याची वाट बघावी? आणि हा मुखडा, म्हणजे बंदिशीची ही पहिली ओळ, कुठून सुचला, तर वरातीतून! डीजेवाल्यानं गाण्याच्या मध्येच आवाज तोडला आणि पोरं हवेत हात करून थांबली, ती थांबलेली जागा बाईंनी उचलली आणि भीमपलासीत नेऊन बसवली. सकाळी ख्याल, संध्याकाळी डीजे, काहीतरी एक धरा की, असं मी छेडलं, तर म्हणाल्या, "भाकरी खाणाऱ्यानं जिलबी खाऊ न्हाई, असं कुठं लिव्हलंय का?"

अंतऱ्यात त्यांनी आपली मुद्रा घातली. बंदिश रचणारा तिच्यात आपलं टोपणनाव गुंफतो, ती मुद्रा. बाईंची मुद्रा 'केजकरीण'. 'केजकरीण म्हणे, थांब गं अजून, उतरलं न्हाई ऊन.' ज्या दिवशी ते जमलं त्या दिवशी बाई पेढे घेऊन आल्या. मी म्हणालो, झालं ना, आता झोपू? तर म्हणाल्या, "दुसऱ्याच्या गळ्यात बसली तर बंदिश, सुभाष. न्हाईतर नुसती माजी गुणगुण. माज्याबरूबरच जाईल."

मला तेव्हा कळलं की बाईंचा जीव कशात अडकलाय. शिकायला पोरी यायच्या, चार महिने टिकायच्या, मग कुणाचं लग्न, कुणाच्या वडलांची बदली. टिकली एकच, मंजू. ती पुण्याला गेली, गायिका झाली. अंबाजोगाईला तिचं गाणं ठरलं तेव्हा तिनं फोनवर शब्द दिला, बाई, तुमची जीप गाणार. बाईंनी रेशमी साडी काढली. समोरच्या गॅरेजचा सलीम गाडी चालवायला आला. दिवसा तो जीप दुरुस्त करतो आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत बेंजो वाजवतो. आम्ही नवरा-बायको मागे बसलो. पहिल्या रांगेत बाई अशा बसल्या होत्या की जणू त्यांच्याच पोरीचं लग्न आहे.

मंजू छान गायली. जीप मात्र गायली नाही. नंतर पाया पडून म्हणाली की बाई, शब्द जरा गावठी वाटतात हो स्टेजवर, पुढच्या वेळी नक्की. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आवाज चांगला राखलाय म्हणाल्या. गाडीत बसल्यावर सलीमला म्हणाल्या, लाव काहीतरी दणक्याचं. त्यानं लावलं. केज येईपर्यंत बाईंचं बोटसुद्धा हललं नाही. मला त्या मंजूचा असा राग आला होता की काय सांगू.

त्यानंतर भिंत गप्प झाली. तानपुरा नाही, सजन नाही. दारावरून वराती गेल्या, दोन तर चांगल्या जोरदार होत्या, पण बाई बाहेर आल्या नाहीत. दुपारभर निवांत शांतता, आणि मी आपला छताकडे बघत जागा. हिनं डबा नेऊन दिला की तसाच परत यायचा.

अशात माझ्या पोराचं लग्न आलं. दुपारी चारला नवरदेवाची मिरवणूक दारातून निघायची होती. मी स्वतः बोलवायला गेलो, तर बाई म्हणाल्या, गुडघा दुखतोय. आयुष्यभर रस्त्यावर नाचलेला गुडघा माझ्याच पोराच्या वेळेला दुखायला लागला! मी रागानंच परत आलो आणि फेटा बांधून घेतला.

बेंजो सलीमच्या पार्टीचाच होता. नवरदेव घोड्यावर बसला, मिरवणूक दहा पावलं गेली, आणि बाईंच्या दारासमोर सलीमनं वाद्यांचा गाडा थांबवला. चालू गाणं तोडलं. आणि बेंजोवर सूर निघाले, 'जीप आली गं, सजन न्हाई आला.' ढोलवाल्यानं ठेका धरला, पोरं नाचायला लागली. पण त्याच्यापेक्षा मोठा धक्का मला पुढे बसला. आमची ही, जी देवापुढंही आरती पुटपुटते, तिनं मोकळ्या गळ्यानं शब्द म्हणायला सुरुवात केली. मग गल्लीतल्या बाया. मग कोपऱ्यावरचा केळीवाला चाचा. सगळ्या गल्लीला ती पाठ! कुणी शिकवलं नव्हतं, सगळ्यांनी उन्हाळाभर सोसलं होतं. अंतरा आला आणि 'केजकरीण म्हणे' ला तर सगळ्यांनी असा आवाज लावला की घोडं बिचकलं.

दार उघडलं. बाई उंबऱ्यावर आल्या, हात वर केला. ढोल थांबला, नाच थांबला. बाई सरळ सलीमकडे गेल्या आणि त्याला म्हणाल्या की भीमपलासीत सूर चढताना धैवत लावायचा न्हाई, वाटोळं केलंस रागाचं. सलीमनं मान खाली घातली. "आन लय वाढीव जरा," बाई पुढे म्हणाल्या, "वरात हाय, मयत न्हाई."

मग माझ्याकडे वळल्या. ह्यांना कुणी शिकवली, असं विचारलं. मी म्हणालो, तुम्हीच की. भिंतीतून. अंतराही येतो का? येतो की बाई, झोपेतसुद्धा येतो.

बाई एकेका तोंडाकडे बघत राहिल्या. हिच्याकडे, चाचाकडे, त्या बायांकडे. नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"मग आजवर सांगितलं कावून न्हाई रे?"

इतकी वर्षं मी त्या भिंतीवर बुक्क्याच मारत आलो होतो. फेट्याच्या शेवानं मी आपले डोळे पुसले. तिकडे कार्यालयातून नवरीकडच्यांचे फोनावर फोन येत होते, मुहूर्त जवळ आला होता, पण कुणी जागचं हलेना.

बाईंनी पायातल्या चपला काढल्या, हातात घेतल्या आणि सलीमला म्हणाल्या, "धर मुखडा. समेवर ये."