अक्षरांच्या निशाणाची व ठकूबाईच्या नेत्रपरीक्षेची हकीकत

श्री सर्वसाक्षी सूर्यनारायणास वंदन करून, जसे जाहले तसे लिहिले आहे. ज्या साली मानाजीराव निंबोरे यांनी आपली बहीण साळूबाई चाळिशी उलटल्यावर उजविली आणि वऱ्हाडाने तोंडाला पदर लावून हसून घेतले, त्या साली, विलंबी नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, ही गोष्ट सुरू जाहली. त्या लग्नात मानाजीरावांची नात ठकूबाई, वय साडेचार वर्षे, अक्षता घेऊन उभी राहिली आणि तिने त्या वधूवरांवर न टाकता मांडवाच्या खांबावर टाकिल्या. "खांबाचंही लगीन लावलं की गं पोरीनं!" असे म्हणून मानाजीरावांनी नातीस उचलून घेतले आणि सारा मांडव हसला. तिची आई दर्याबाई तेवढी हसली नाही. कारण समईपुढे लेकीच्या बुबुळांत तिने पांढरी चमक पाहिली होती, अंधारात मांजराच्या डोळ्यांत दिसावी तशी, आणि तेव्हापासून ती लेकीवरून नजर काढीत नव्हती. नवरा परमुलखी चाकरीस, घरात सासऱ्यांचा शब्द शेवटचा, सांगावे तरी कोणास?

अशात त्या राज्याच्या राजमातेच्या मनी आले की मुलांचे डोळे कोणी पाहत नाही, पोरे फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मार खातात आणि मठ्ठ ठरतात. मग हुकूम सुटला की पौष पौर्णिमेस प्रत्येक घराण्याने बायकापोरांसह वेशीपासून तळ्यापर्यंत पायी जावे, जे जितके चालतील तितका धर्मादाय सावकारांनी द्यावा, त्यातून नेत्रवैद्य आणवावा आणि तळ्यावर तंबू ठोकून सर्व मुलांची परीक्षा करावी. हे ऐकून दर्याबाईस देव पावल्यासारखे झाले. आता वैद्यच बघेल आणि आपण तोंड न उघडताच सर्वांस कळेल, असा तिने धीर धरिला. हुकूम चांगला आणि हेतूही चांगला, यात संशय नाही. पण स्वारी म्हटली की निशाण पाहिजे आणि निशाण म्हटले की घोष पाहिजे. मग कारभाऱ्यांनी पुष्कळ खल केला आणि वैद्याचा नजर तपासण्याचा तक्ताच, वर एक मोठे अक्षर आणि खाली लहान लहान होत गेलेल्या ओळी, पांढऱ्या कापडावर काढवून त्याचे निशाण केले, आणि त्याच ओळींचा घोष ठरविला. जे घराणे खणखणीत म्हणेल त्यास मानाचा शेला. निशाण धरण्याचा मान मानाजीरावांस आला आणि ते कृतार्थ जाहले.

मग रोज दिवेलागणीस घरची पोरे ओसरीवर टांगलेल्या निशाणासमोर बसू लागली आणि मानाजीराव छडीने ताल धरू लागले. "प! ग, ट! म, र, न!" थोरली पोरे अडखळत आणि ठकूबाई कधी अडखळत नसे. शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा ती एका दमात म्हणे. मानाजीराव म्हणत, "बघा रे टोणग्यांनो! शेंबूड पुसता येत नाही हिला, पण एक अक्षर चुकत नाही." दर्याबाईने एकदा जीव मुठीत धरून म्हटले, "मामंजी, ती बघून नाही म्हणत. ऐकून म्हणते. तिला ताटातली भाजी दिसत नाही हो, चाचपडते." मानाजीराव हसून बोलिले, "सूनबाई, भाजी तुमच्या हातची असली की मलाही दिसेनाशी होते." घर खो खो हसले आणि बोलणे तिथेच बुडाले.

पौर्णिमेस स्वारी निघाली. पुढे ताशे आणि मागे घराणी, म्हाताऱ्या चपला हातात घेऊन आणि लेकुरे खांद्यावर घेऊन, अशी मोठी शोभा जाहली. ठकूबाई आजोबांच्या खांद्यावर, निशाणाच्या अगदी खाली बसली आणि तिने एक ओळ म्हणावी आणि मागच्या शेकडो माणसांनी ती उचलावी. राजमातेने हत्ती थांबवून तिच्या गालास हात लाविला. दर्याबाई मागून चालत होती. तिचे लक्ष निशाणावर नव्हते, तळ्याकाठच्या तंबूवर होते.

तंबूत वैद्याने तोच तक्ता टांगिला होता. ठकूबाई उभी राहिली. वैद्याने वरच्या अक्षरावर काठी ठेविली आणि पोरीने पहिल्यापासून शेवटपर्यंत सर्व ओळी धडाधड म्हटल्या. वैद्य म्हणाला, "वा! हिची नजर घारीची. पुढचा आणा." दर्याबाई पुढे सरली आणि म्हणाली, "वैद्यराज, मधलंच एखादं अक्षर विचारा. नाहीतर दिवा धरून डोळ्यात बघा, पाया पडते." वैद्य म्हणाला, "बाई, मागं रांग बघा. अख्खं राज्य उभं आहे." मानाजीराव दात आवळून बोलिले, "चारचौघांत शोभा करू नका. शेला हातात यायचाय अजून." मग तिने लेकीकडे पाहिले. पोर शाबासकीने फुलून गेली होती. तेव्हा दर्याबाईच्याही मनात आले, असेल बाई दिसत, एवढा मोठा वैद्य म्हणतो ते खोटे कसे? आणि ती मागे सरली. त्या दिवशी घरी शेला आला आणि शिरा जाहला.

पुढे चैत्र लागला आणि ठकूबाईचा डावा डोळा सुजून बाहेर आला, वेदनेने ती भिंतीस डोके घाशी. मग बैलगाडी जुंपून तिला दूरच्या थोर वैद्याकडे नेले. त्याने आरशाने उजेड पाडून दोन्ही डोळे पाहिले आणि विचारले, "आजवर कोणी पाहिलं नाही?" मानाजीराव म्हणाले, "पाहिलं तर! पौषात सबंध तक्ता वाचला तिनं." थोर वैद्याने आरसा खाली ठेविला. त्याने मुलीस कोऱ्या भिंतीसमोर उभे केले आणि म्हणाला, "वाच बाळ." ठकूबाईने मान ताठ केली आणि भिंतीकडे तोंड करून सर्व ओळी म्हटल्या, शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा. मग आवाजाच्या रोखाने हात पुढे करून तिने विचारले, "आजोबा, बरोबर आलं ना?"

मानाजीरावांनी तिचा हात धरिला. वैद्य म्हणाला, "डोळ्यात गाठ आहे, ती आता मेंदूकडे गेली. पौषात आली असती तर डोळे काढून पोर राखली असती." दर्याबाई रडली नाही. ती एवढेच म्हणाली, "मामंजी, बरोबर आलं म्हणून सांगा तिला." आणि मानाजीरावांनी उपरण्यात तोंड लपविले, तेव्हा तिनेच सांगितले.

ही बातमी दरबारी गेली. दरबाराने हळहळ केली आणि घोष फार परिणामकारक ठरला म्हणून पुढल्या वर्षीही तोच ठेवावा असे ठरले.

एवंच, स्वारी थाटात पार पडली, धर्मादाय जमला, पुष्कळ मुलांस चष्मे मिळाले आणि ती मुले आज फळा वाचतात, हेही खरेच आहे. ठकूबाई निंबोरे विकारी नाम संवत्सरी, श्रावण वद्य चतुर्थीस, सकाळच्या पहिल्या प्रहरी, आईच्या मांडीवर वारली.