लाल दोऱ्याची काडी

गेली सहा वर्षं माझा उजवा पाय दळवीकाका वापरतात. म्हणजे पाय असतो माझ्याकडेच, त्याला नेलपॉलिशही मीच लावते, पण त्यावर पहिला हक्क काकांचा. ठाण्याच्या ऑफिसातून दमून भागून डोंबिवलीला यावं, दाराला किल्ली लावते न लावते तोच समोरचं दार उघडतं.

"ताई, जरा पाय द्या."

दारात बायकांच्या चपलेचा नवा जोड मांडलेला असतो. स्टेशनबाहेरच्या हातगाडीवरून दीडशेला आणलेला. रबराचा वास असा की जिन्यातलं मांजर उठून खालच्या मजल्यावर जातं. मी निमूट पाय घालते. काका गुडघ्यावर बसतात, चष्मा कपाळावर चढवतात, टाच बघतात, अंगठा बघतात आणि जाहीर करतात, "एका सुताचा फरक नाही. माप म्हणजे माप!"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये सबंध नोकरी झाल्यामुळे काका अख्खं जग सुतात मोजतात. एकदा माझ्याकडे जेवायला बसले आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाले, "पोळी अर्धा सूत जाड झालीय, पण चालेल." चालेल म्हणे! त्या दिवशी मी त्यांना दुसरी वाढली नाही.

काकांच्या शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर असतं आणि त्या घरात चष्मा नसतो. त्यात असते खराट्याची एक काडी. नारळाच्या झावळीची, एका टोकाला लाल दोरा बांधलेली. काकांच्या गावाकडे, तिकडे संगमेश्वरच्या बाजूला, पूर्वी मुंबईला निघालेल्या माणसाजवळ चपला आणण्यासाठी अशा काड्या द्यायचे. जमिनीवर पाय ठेवायचा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत काडी धरायची आणि कटकन मोडायची. झालं माप. कुणाला निळा दोरा, कुणाला पिवळा. लाल दोऱ्याची काडी अक्काची.

अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण, वयाने सोळा वर्षांनी मोठी. काकांची आई ते रांगत असतानाच गेली. सासरी वर्षभरही न राहता विधवा होऊन परतलेल्या अक्कानेच त्यांना वाढवलं. काकांचं लग्नाचं राहून गेलं. तेव्हा सख्खं म्हणावं असं एवढंच एक माणूस, आणि ते गावी एकटं. रिटायर झाल्यावर काका तिला न्यायला गेले. अक्का जन्मभर अनवाणी चाललेली. म्हणाली, "तुझ्या त्या डोंबिवलीत उघड्या पायानं कशी रे फिरू? लोक काय म्हणतील? चप्पल बसली की येते."

आता हे बोलण्यातलं बोलणं. आपण नाही का म्हणत, बघू, सवड झाली की येऊ? पण काका पडले टूलरूमचे. त्यांनी तिथल्या तिथे काडी मोडली, लाल दोरा बांधला, डोंबिवलीला आल्यावर तिच्या टोकाला बारीक कानस मारली आणि कामाला लागले.

त्या काडीला माझा पाय सापडला तो सोसायटीच्या सत्यनारायणाला. आत आरती चाललेली आणि हॉलबाहेर वॉचमनने काकांना पकडलं. बायकांच्या चपलांच्या ढिगात बसून एकेक चप्पल काडीने मोजत होते! सेक्रेटरींचा चेहरा पाहण्यासारखा झालेला. मी प्रसाद घेऊन बाहेर आले तर काका माझीच चप्पल छातीशी धरून उभे. "ताई, ही तुमची? अहो, देव पावला!" माझ्या नवऱ्याने ही गोष्ट आजवर किमान पन्नास जणांना सांगितली असेल.

तर पद्धत अशी. माझ्या पायाला बसली की चप्पल पास. मग ती कोकणात जाणाऱ्या खासगी बसच्या ड्रायव्हरच्या हाती गावी जाते. तिसऱ्या दिवशी काका फोन लावतात. कानाने कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर. सगळा मजला आपापल्या दारात येऊन ऐकतो.

"अक्का, बसली?"

"नाय बसली रे बाळा."

"अगं, माप बरोबर आहे!"

"असंल. मी शेजारच्या शेवंतीला दिली."

पुढची पार्वतीला. त्यापुढची पोस्टमनच्या बायकोला. सहा वर्षांत काकांनी अख्खी वाडी चपलेत आणली, अक्का मात्र अनवाणी. दर वेळी फोन ठेवला की काका काडी डोळ्यांसमोर धरून म्हणायचे, "माप चुकत नाही, ताई. पायच चुकतोय."

एकदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "काका, कंजूषपणा पुरे. चांगल्या दुकानातून घ्या की एकदा." तर म्हणाले, "अहो, अक्का किंमत विचारते. दोनशेच्या वर गेली तर पाय घालणार नाही. आणि खोटं बोललो की तिला आवाजावरून कळतं." कपाळ!

हसायचो आम्ही खूप. पण काकांच्या दाराबाहेर दोन फळ्यांचा चपलांचा एक स्टँड आहे. वरच्या फळीवर काकांचे बूट. खालची फळी रिकामी. पावसाळ्यात सगळ्या मजल्याच्या छत्र्या-चपला कुठे कुठे कोंबलेल्या असतात. एकदा मी माझ्या ओल्या सँडल त्या फळीवर ठेवल्या, तर काकांनी उचलून, पुसून माझ्या दारात आणून ठेवल्या. "ती अक्काची जागा आहे," एवढंच म्हणाले. आत खिडकीपाशी दुसरी खाटही होती, चादर घातलेली. दर रविवारी ते ती चादर धुवायचे. कुणी झोपलेलं नसायचं तरी. मला ते पाहून फार वाईट वाटायचं आणि मग मी आणखीनच फटकळ बोलायचे.

गेल्या गणपतीत शेवंतीच्या सुनेने काकांच्या मोबाइलवर फोटो पाठवला. वाडीतल्या सगळ्या बायका ओळीने उभ्या, पायांत काकांच्या चपला. मधोमध अक्का, वाळून काटकुळी झालेली, हसतेय. काका मोठ्या अभिमानाने दाखवायला आले. मी फोटो बोटांनी मोठा केला, चेहऱ्यावरून खाली सरकवला आणि तिचे पाय पाहिले.

"काका, हे पाऊल बघितलंत तुम्ही?"

सुपासारखं पसरलेलं पाऊल. बोटं एकमेकांपासून फाकलेली, कडांना भेगा. लांबीला माझ्याएवढंच. रुंदीला माझी दीड पावलं. हातगाडीवरच्या चिंचोळ्या चपलेत ते कधी मावणारच नव्हतं.

काकांनी फोटो पाहिला. खिशातून काडी काढली आणि नुसती फिरवत बसले.

"ताई, मी रुंदी घेतलीच नाही हो," ते म्हणाले. "चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढली. ट्रेनी पोरगा अशी चूक करत नाही."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तर त्यांनी हात वर केला.

"ती रुंदी माझी आहे. शाळा कातळापलीकडे होती आमची. उन्हात तो काळा दगड असा तापायचा की पाय टेकवत नाही. अक्का मला पाठीवर घ्यायची. पाचवीपर्यंत घेतलं तिने, मी चांगला दांडगा झालेलो तरी. माझं ओझं घेऊन त्या तापल्या दगडावर चालली आणि पाऊल फाकत गेलं. मी वरून फक्त तिचा अंबाडा बघायचो, ताई. खाली कधी बघितलंच नाही."

मग ते रडले. मीही रडले. चहा गॅसवर उतू गेला तरी कोणी उठलं नाही.

त्याच आठवड्यात शेवंतीच्या सुनेने अक्काला वर्तमानपत्रावर उभं करून दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवली आणि कागद बसने पाठवला. आम्ही तो घेऊन कल्याणला गेलो, हाताने चपला शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे. त्याने कागद उलटसुलटा पाहिला आणि विचारलं, "बाई शेतातल्या का?" त्याला एका नजरेत कळलं. मऊ चामड्याची, रुंद, मागे पट्टा असलेली चप्पल त्याने दहा दिवसांत दिली. या वेळी माझा पाय कोणी मागितला नाही. मीच हौसेने घालून पाहिला, तर आत इकडून तिकडे फिरत होता.

चप्पल गेली. तिसऱ्या दिवशी फोन. मजला जमलेला.

"अक्का, बसली?"

"बसली रे बाळा. बसली." मग म्हणाली, "केवढ्याला?"

"दीडशे."

"खोटं बोलतोस."

"हो."

"बरं केलंस."

कोणीतरी टाळ्या वाजवायला लागलं, मी डोळे वटारले. काकांनी फोन तोंडाजवळ नेला. "मग कधी येतेस? मी गाडी करतो."

फोनमध्ये नुसता कोंबडा ओरडलेला ऐकू आला. मग अक्का म्हणाली, "आता कुठली रे येते? गुडघं धरलंत. दारापातूर जाते नि माघारी येते. सहा वर्षं वाट बघितली. म्हटलं, एकदा तरी चप्पल घेऊन तूच येशील. तर तू आपला दर वेळेला डायवरच्या हाती धाडतोस."

मजल्यावरचे सगळे हळूहळू आपापल्या घरात गेले. काका तसेच फोन धरून उभे होते. "बसल्याशिवाय कुठल्या तोंडाने जायचं, म्हणून गेलो नाही हो," ते मला म्हणाले. मी असल्या मूर्खपणावर एरवी चांगलेच ताशेरे ओढते, पण त्या दिवशी त्यांना आत नेऊन बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या हातात घराची किल्ली दिली. तुळशीला पाणी घाला, म्हणाले. बॅगेत खाटेवरची चादर होती.

त्याला आता तीन महिने झाले. मी पाणी घालते. रविवारी फोन करते. संध्याकाळी किल्ली लावताना माझा उजवा पाय आपोआप चपलेतून बाहेर येतो आणि समोरचं दार उघडत नाही, तेव्हा मला खरंच करमत नाही.

परवा विचारलं, "काका, कधी येताय?"

"अहो, रोज चालवतो तिला. हाताला धरून. दारापासून फणसापर्यंत जायची, काल विहिरीपर्यंत नेली. नवी चप्पल घालून."

"मग डोंबिवली?"

मागून अक्का काहीतरी ओरडत होती, बहुतेक जेवायला बोलावत होती.

"विहिरीच्या पुढे रस्ता लागतो, ताई," ते म्हणाले. "बघतो. तुम्ही ती खालची फळी तेवढी पुसून ठेवा."