बेटावरची फुली

"चारी बाजूंनी पाणी. उद्या काही झालं तर पोरीने पळायचं कुठे?"

टेलरमास्तरांच्या बायकोने हा प्रश्न सकाळपासून सातव्यांदा विचारला. मास्तरांच्या ओठांत टाचण्या होत्या. बावीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढी एकच युक्ती साधली होती: उत्तर द्यायचं नसलं की टाचण्या तोंडात धरायच्या. देवाने शिंपीकाम दिलं ते बहुधा याचसाठी.

मुलीला परदेशात विणकाम शिकायला प्रवेश मिळाला होता. संस्थेच्या शाखा दोन. एक मुख्य भूमीवर, दुसरी समुद्रातल्या बेटावर. कुठे जायचं ते अर्जात कळवून तो अर्ज आज चारच्या आत संस्थेच्या इथल्या कचेरीत द्यायचा होता. मुख्य भूमीवर एका मागाला चाळीस विद्यार्थी. बेटावर सगळे मिळून अकरा, आणि प्रत्येकाला स्वतःचा माग. मुलीने हे घरात तीनदा सांगितलं. घराने तीनदा मन लावून ऐकलं आणि तीनदा ते पाण्याकडेच वळलं.

शिवाय मामा होता. मामा एकदा आठ दिवस परदेशी जाऊन आला होता. त्यातले दोन विमानतळावरच गेले. तेवढ्या पुण्याईवर तो गेली अकरा वर्षं जगाविषयी बोलत होता.

"भावोजी, बेट म्हणजे काय, तर जमीन बेतताना उरलेली चिंधी," तो कापायच्या टेबलावर बूड टेकवत म्हणाला. "आठवड्यातून दोनदा बोट. दात दुखायचा तर तोसुद्धा वेळापत्रक बघून दुखला पाहिजे."

"मला तर बेट म्हटलं की बांबूचंच दिसतं," बायको म्हणाली. "आणि त्यात साप."

"ताई, ते बेट वेगळं."

"साप तेच असतील ना?"

मामाने चपला खाली सोडून पाय टेबलावर घेतले.

तेवढ्यात मुलगी अर्ज घेऊन दुकानात आली. "बाबा, मी फोटो घेऊन येते. तुम्ही खाली फक्त सही करा. चौकोनांचं आल्यावर बोलू."

अर्ज परक्या भाषेत होता. घरच्यांना कळावं म्हणून तिने दोन चौकोनांशेजारी पेन्सिलीने 'बेट' आणि 'मुख्य भूमी' असं लिहून ठेवलं होतं. ती वळणावर दिसेनाशी झाली आणि मामाचा आवाज खाली आला.

"आल्यावर बोललात की ती रडणार. ती रडली की तुम्ही विरघळणार. आत्ताच उरका काय ते."

मास्तरांनी सही केली. मग चौकोनांकडे बघितलं. आठवड्यातून दोनदा बोट, हे त्यांनाही सकाळपासून टाचणीसारखं टोचत होतं. त्यांच्या धंद्यात कापडाच्या उलट्या बाजूला खडूने फुली मारतात. फुलीचा अर्थ सरळ: ही बाजू नको. तीस वर्षांच्या सवयीने हात आपसूक चालला. 'बेट' शब्दाशेजारच्या चौकोनात त्यांनी पेनने ठसठशीत फुली मारली आणि 'मुख्य भूमी' कोरी, स्वच्छ, सुलट ठेवली.

"सुटली पोर," बायको म्हणाली. मामाने तर जगाचा नकाशा स्वतः दुरुस्त केल्यासारखा चेहरा केला.

मुलगी परतली. अर्ज पाहून जागीच थबकली.

"बाबा, ही फुली तुम्ही मारलीत?"

तोंडात टाचण्या होत्या. मास्तरांनी होकारार्थी मान हलवली. पोरीचे डोळे भरून आले. एक शब्द न बोलता तिने अर्ज पिशवीत ठेवला, बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती निघून गेली.

तो हात मास्तरांना जड गेला. पाच वर्षांची असताना याच टेबलाखाली बसून तिने सुईत दोरा ओवला होता. तिने भांडायचं तरी, त्यांना वाटलं. न भांडता गेलेल्या लेकराला काय सांगून समजवायचं? दुःखात त्यांनी एका साहेबांच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. बेटाने पहिला बळी घेतला होता. दुसरा घ्यायच्या आत मास्तर उठले आणि गळ्यात टेप, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात मामाची, असे कचेरीकडे धावत सुटले.

अर्जांच्या खिडकीत एक कारकून बाई बसल्या होत्या. मुलगी शेजारच्या खिडकीत पावतीसाठी उभी होती. तिची मास्तरांकडे पाठ होती.

"बाई, अर्ज परत द्या," मास्तर धापा टाकत कुजबुजले. "मी बेटावर फुली मारली. ती खोडायचीय. पोरीला बेटच हवंय."

"मग खोडायची कशाला?" बाईंनी अर्ज फिरवून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "इथे लिहिलंय. हव्या त्या चौकोनात फुली मारावी."

"म्हणजे आता..."

"आता बेट. बदलायचं असेल तर अजून सहा मिनिटं आहेत."

मास्तरांच्या डोळ्यांपुढे आधी बोट आली, मग बायको, मग साप. शेवटी अकरा माग आले आणि त्यातल्या एकावर वाकलेलं ओळखीचं डोकं.

"बाबा? तुम्ही इथे?" मुलगी जवळ आली. "मला वाटलं होतं तुम्ही मामाचंच ऐकणार. त्या दोघांच्या देखत माझ्यासाठी बेटावर फुली मारलीत. मला तिथे बोलताच येईना."

बाईंनी शिक्का हातात धरून मास्तरांकडे बघितलं.

"मारली खरी," मास्तर म्हणाले. शिक्का पडला.

घरी बायको दारातच होती. "फुली नक्की बेटावरच मारलीत ना?"

"बेटावरच," मास्तरांनी निर्मळ मनाने सांगितलं. एकच खरं दोन माणसांना सांगितलं आणि दोघी सुखी झाल्या. असलं पुण्य रोज हाती लागत नाही. मामाने समाधानाने जाहीर केलं, की मी होतो म्हणून निभावलं. मग तो आपली दुसरी चप्पल शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी मास्तर जाड मेणकापड बेतायला बसले.

"हा रेनकोट कुणाला?"

"पोरीला."

बायकोच्या कपाळाला आठी पडली. "तिकडे पाणी बेताचंच असेल ना हो?"

मास्तरांनी घाईने चार टाचण्या ओठांत धरल्या. टाचण्यांमधून ट काय आणि त काय, सारखाच ऐकू येतो.

"बेटाचंच," ते म्हणाले.

"मग ठीक आहे," बायको म्हणाली.