सासूबाईंचा व्हिसा आणि भाषेचं बटण

ऑनलाइन अर्ज भरावा तर मीच! ऑफिसात कोणाचा अर्ज अडला की तो आधी माझ्या टेबलाशी येतो. नंतर तो दुसऱ्या कोणाकडे जातो, हे इथे सांगायचं कारण नाही. तेव्हा सासूबाईंच्या व्हिसाचा अर्ज मीच भरणार, असं मी छाती फुगवून जाहीर केलं.

"एजंटकडे देऊ या ना," बायको म्हणाली.

"मी असताना एजंट?"

सासूबाईंना परदेशातल्या मुलाकडे सहा महिने राहायला जायचं होतं. आणि त्या जाव्यात ही त्यांच्यापेक्षा माझी इच्छा! टीव्हीसमोरची माझी आरामखुर्ची त्यांनी आल्याआल्याच काबीज केली होती. रिमोट तर त्या अंडं उबवणाऱ्या कोंबडीसारखा पदराखाली घेऊन बसत.

दुपारभर खपून मी सगळा अर्ज इंग्रजीत भरला. पण सासूबाई पडल्या निवृत्त मुख्याध्यापिका. वाचल्याशिवाय त्या बिस्किटाचा पुडासुद्धा फोडत नाहीत.

"जावईबापू, मराठीत दाखवा."

"त्यात काय! वर बटणच आहे."

मी 'मराठी' दाबलं. पान झकास मराठीत आलं. आणि रकाने? नुकत्याच पुसलेल्या फळ्यासारखे कोरे!

"काहीच भरलं नाहीत की हो! मग दुपारभर करत काय होतात?"

"एजंटचा नंबर देऊ का?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

मी दात ओठ खात पुन्हा भरायला बसलो. या वेळी मराठीत. सासूबाई शेजारी.

"भाषा बदलण्यापूर्वी मसुदा जतन करा, असं खाली लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"किती बारीक अक्षरात आहे ते!"

"बारीक असतं तेच वाचायचं असतं."

त्यांनी शब्दन् शब्द वाचला, मान डोलावली आणि चष्मा पुसायला घेतला. मुक्कामाच्या यादीत पर्याय अक्षरक्रमाने होते: आठवडा, महिना, वर्ष, सहा महिने. माझं बोट 'सहा महिने'वरून अलगद एक ओळ वर सरकलं. बोटाला कुठे मन असतं!

मग मसुदा जतन केला. 'पाठवा' हे बटण फक्त इंग्रजी पानावर होतं. जीव मुठीत धरून 'इंग्रजी' दाबलं. नाव, पत्ता, सगळं जागच्या जागी! हर्षभराने मी पुढचं काही न बघता अर्ज पाठवून दिला आणि मनातल्या मनात खुर्चीला नवी गादीही शिवून टाकली.

उत्तर आलं ते बायकोने मोठ्याने वाचलं.

"अर्जदाराचा व्यवसाय, वैमानिक..."

"कोण वैमानिक?" सासूबाई म्हणाल्या. "मी आजवर सायकलसुद्धा चालवली नाही!"

"...या व्यवसायात मोठी रजा मिळत नाही याची आम्हाला कल्पना आहे. आपण मागितल्याप्रमाणे एका आठवड्याचा व्हिसा मंजूर."

आठवडा! बायकोने तिथल्या तिथे मदत केंद्राला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"मॅडम, भाषा बदलली की याद्या त्या भाषेच्या अक्षरक्रमाने लागतात," पलीकडचा माणूस जांभई देत म्हणाला. "पण निवड आपल्या ओळीला चिकटून राहते. इंग्रजीत तिसऱ्या ओळीवर आठवडा आहे. म्हणजे मराठीतही तुम्ही तिसरीच ओळ निवडली असणार."

बायकोने मराठी पान उघडलं. तिचं बोट सावकाश खाली आलं. "आठवडा... महिना..." बोट थांबलं. "अहो, तिसरं तर वर्ष आहे!"

आरामखुर्ची करकरली.

"वर्ष, जावईबापू?"

"मला वाटलं, आई, नातवंडांचा सहवास तुम्हाला जरा..."

"समजलं." त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. हे त्यांनी यापूर्वी कधीही केलेलं नव्हतं. "आठवड्यासाठी एवढ्या लांब कोण जातं? मुलालाच इकडे यायला सांगते, तुम्हाला नातवंडांच्या सहवासाचं एवढं वाटतंय म्हणून."

मेव्हणे बायकामुलांसह परवाच आले. चांगले सहा महिने आहेत. त्यांचा अर्ज त्यांनी स्वतः भरला, एकाच भाषेत. हे सगळं मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून लिहितो आहे. तेही जरा लवकर आटपायला हवं, सासूबाईंच्या धाकट्या नातवाला स्टूल हवं आहे.