कादरचाचांचे पोटभाडेकरू

आमच्या शेजारचे कादरचाचा भेटल्या भेटल्या तब्येतीचं सांगतात, पण माणसांच्या नाही. "भाभी, दौलताबादची वानरं लई बेजार हायेत. सगळ्यांना जंत!" हे पडेगावच्या भर बाजारात, मोठ्यानं. लोक माझ्याकडं बघतात. मी मेथीच्या जुडीत तोंड लपवते.

चाचा जनावरांच्या दवाखान्यात शिपाई होते. निवृत्त होताना डॉक्टरांनी त्यांना जंतू बघायची जुनी दुर्बीण दिली. तेव्हापासून ते डोंगरात फिरून रोही, साळिंदर, मोर, वानर यांची विष्ठा गोळा करतात आणि लोणच्याच्या बरण्यांत भरतात. बरण्यांवर चिठ्ठ्या लिहायचं काम माझं. एकदा माझ्या सासूबाईंनी लोणचं समजून झाकण उघडलं. त्या अजून चाचांशी बोलत नाहीत. चाचांना वाटतं, सासूबाईंचे दात दुखतात.

"हर जनावराच्या पोटात पोटभाडेकरू," चाचा सांगतात. "वानराकडं वेगळे, मोराकडं वेगळे. मालक मरू नये याची बी काळजी घेतेत. शरीफ लोगां!"

"मग जनावरं आजारी का पडतात?"

"गर्दी झाली की भांडणं होनारच ना!"

गेल्या महिन्यात त्यांनी भिंतीपलीकडून हाक मारली. "भाभी, साळिंदरात जंताची नवी जात! दुनियेत कुनी बघितली नसंल!"

मी दुर्बिणीला डोळा लावला. गोल, जाड काळ्या कडेचं काहीतरी. अशी कड म्हणजे हवा, हे चाचांनीच मला शिकवलं होतं.

"चाचा, हा बुडबुडा आहे."

त्यांनी पुन्हा बघितलं. "व्हय का," एवढंच म्हणाले. मग त्यांच्याकडूनच कळलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन कधीचंच सांगितलेलं.

"मग केलं का नाही?"

"मोराचं काम बाकी होतं." ते दुर्बिणीची काच पुसू लागले. "सही करायला घरचं मानूस लागतं म्हनतेत. चाची गेल्यावर कुनाला नेऊ? तीनदा जाऊन बसलो. नंबर यायच्या आत उठून आलो."

परक्या माणसांसमोर माझा आवाज फुटत नाही. तरी सोमवारी त्यांच्यासोबत डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. खिडकीतल्या बाईनं विचारलं, "पेशंटच्या कोण तुम्ही?"

मी त्यांना चाचा म्हणते, ते मला भाभी म्हणतात. फॉर्मवर नात्याचा रकाना एकच. चाचांनी पिशवी उचलली होती, पाय दाराकडं वळले होते.

मी लिहिलं, 'घरची'.

बाईनं दोघांची नावं वाचली, आमच्याकडं बघितलं आणि शिक्का मारला. चाचांनी पिशवी खाली ठेवली.