सदरच्या शोकेसमधला हललेला फोटो

गुलाबराव फोटोवाले फिल्म ओठाने ओळखत.

सदर बाजारात त्यांचा स्टुडिओ माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून होता. इतवारीतल्या भंगारवाल्याकडून ते मुदत संपलेल्या, पोस्टकार्डाएवढ्या सुट्या फिल्मांचे डबे आणत. लेबलं फाटलेली. मग डार्करूमच्या अंधारात कोपऱ्यावरच्या खाचा बोटाने चाचपून फिल्मची जात सांगत आणि कोपरा ओल्या ओठाला लावून पाहत. चिकटेल ती उजेड टिपणाऱ्या मसाल्याची बाजू. मी दाराबाहेर पेन्सिल घेऊन उभा.

"लिही गा! दोन खाचा, मंग एक रुंद. चेहऱ्यासाठी बेस्ट."

"तारीख काय घालू, भाऊ?"

"तारीख डब्ब्याले असते, फिलमले नाई."

जुनी फिल्म मरत नाही, पेंगते, असं त्यांचं शास्त्र. तिला जागं करायला उजेड जास्त वेळ द्यावा लागे. तोवर गिऱ्हाइकाने दगड होऊन बसायचं. एकदा एका नवरदेवाच्या नाकावर माशी बसली.

"काहून हलून राहिला गा? माशी उडून जाईन, फोटो राहीन!"

त्या काळच्या सदरमधले नवरदेव फोटोत रागावलेले दिसतात, ते यामुळे.

लोक त्यांना कंजूस म्हणत. सगळ्यात मोठ्याने मीच म्हणायचो, "गुलाबराव माणसांनाही भंगारात काढतात!"

एका दिवाळीआधी मात्र ते कोरा करकरीत डबा घेऊन आले.

"भाऊ, तब्येत बरी आहे ना?" मी विचारलं.

"सुमन आली तं असू दे," एवढंच म्हणाले.

सुमन त्यांची एकुलती मुलगी. तिने आपल्या पसंतीने लग्न ठरवलं, तेव्हा बाप रागात बोलून गेला होता, "तुह्या लग्नाचा फोटो मी काढत नाई." ती जबलपूरला गेली, ती फिरकलीच नाही. तेव्हापासून दर दिवाळीला नवा डबा यायचा, न उघडताच मुदत ओलांडायचा आणि गिऱ्हाइकांच्या ढिगात जायचा. ज्याला आम्ही भंगार म्हणून हसायचो, त्यातली कितीतरी फिल्म सुमनची वाट पाहून जुनी झाली होती.

एका उन्हाळ्यात ती आली. डब्यावरची तारीख नुकतीच उलटली होती.

"चालते," गुलाबराव म्हणाले. दिवा मी धरला, ते कॅमेऱ्यामागे गेले. "बस वं माय. लग्नातली समजून बस. हलू नको."

शटर उघडलं आणि सवयीने बराच वेळ उघडंच ठेवलं.

फोटोत खुर्ची तेवढी स्पष्ट आली. बाकी धुरासारखा एक पदर. गुलाबरावांनी तो मढवून शोकेसच्या मधोमध लावला. रस्त्यावरचे हसत, "पाहा, भंगार फिलम!"

"हो गा, जुनीच होती," असं म्हणून ते माझ्याकडे पाहत आणि हळूच ओठांवर बोट ठेवत. मीही मान डोलवायचो. ते गेल्यावरही, कोणी विचारलं तर तेच सांगत आलो.

आता सांगून टाकतो. फिल्म चांगली होती. शटर उघडं असताना सुमन खुर्चीतून उठून बापाकडे गेली होती.